कुंड्या आत घ्यायचे दिवस: अमेरिकेतल्या हिवाळ्यात कढीपत्ता, तुळस आणि मोगरा कसा जगवायचा

न्यू जर्सीत कढीपत्ता जायला बर्फ पडावा लागत नाही. ऑक्टोबरातली एक निरभ्र, वारा पडलेली रात्र पुरते. आभाळ भरलेलं असलं की जमिनीची ऊब थोडी अडून राहते. आभाळ मोकळं असलं की ती सगळी निघून जाते आणि पहाटे गाडीच्या काचेवर पांढरा थर दिसतो. त्या सकाळी डेकवरच्या तुळशीकडे बघवत नाही. पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट आणि लोंबलेली, हात लावला तर बोटाला चिकटणारी.

आमच्याकडे कढीपत्त्याची दोन झाडं, तुळशी, मोगरा, जास्वंद, मेयर लिंबू, गवती चहा आणि पानओवा असा संसार आहे. दरवर्षी मे महिन्यात तो बाहेर जातो आणि सप्टेंबरात आत येतो. मोठा कढीपत्ता आता माझ्या खांद्याला लागतो. त्याच्या आधीचं झाड मी एका हिवाळ्यात गमावलं, तेही थंडीने नव्हे. त्याबद्दल पाण्याच्या भागात सांगेन, कारण तीच चूक मला ओळखीच्या बहुतेक घरांत दिसते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हिवाळ्यात झाड वाढवायचं नसतं, नुसतं टिकवायचं असतं. इथे डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वानऊ-साडेनऊ तासांचा, आणि त्यातही ऊन तिरपं आणि कोवळं. पुण्यात डिसेंबरातही ११ तासांचा दिवस मिळतो. एवढ्या कमी उजेडात आपली झाडं अर्धवट झोपतात. त्यांना झोपू द्यायचं. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

कधी आत घ्यायचं

दंव (म्हणजे इथलं गोठलेलं दंव, फ्रॉस्ट) पडायची वाट बघू नका. मध्य न्यू जर्सीत पहिलं दंव साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून अखेरपर्यंत केव्हाही पडतं, पण आपल्या झाडांना त्याच्या कितीतरी आधी त्रास सुरू झालेला असतो. तुळस आणि पानओवा रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या (१० सेल्सिअस) खाली गेलं की कुरकुरायला लागतात. तुळशीच्या पानांवर काळे डाग येतात. कढीपत्ता त्याच सुमाराला वाढ थांबवतो. म्हणून मी ५५ फॅरनहाइट (साधारण १३ सेल्सिअस) हा आकडा धरते. सलग तीन-चार रात्री ५५च्या आसपास दिसायला लागल्या की कुंड्या आत. आमच्या भागात हे बहुधा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घडतं. शिकागो, मिनेसोटा किंवा टोरांटोच्या बाजूला राहत असाल तर आणखी आधी. तुमच्या गावच्या रात्रीचे आकडे बघा, माझ्या तारखा घेऊ नका.

लवकर आत घेण्याचं दुसरंही कारण आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. घराचं हीटिंग सुरू होण्याआधी झाड आत आलेलं असावं. सप्टेंबरात खिडक्या अजून उघड्या असतात, आतली आणि बाहेरची हवा जवळपास सारखी असते. झाडाला तेव्हा फक्त उजेडातला फरक सोसावा लागतो. तेच झाड ऑक्टोबरच्या शेवटी आत आणलं तर कमी उजेड, कोरडी हवा आणि अचानक वाढलेली ऊब असे तीन धक्के एकाच दिवशी बसतात. मग आठ दिवसांत निम्मी पानं जमिनीवर.

सगळ्यांना आत आणायचं नाही

खिडक्या मोजा आणि मग झाडं मोजा. दक्षिणेकडे तोंड असलेली एकच मोठी खिडकी असेल तर तिच्यासमोर दोन मोठ्या आणि तीन-चार लहान कुंड्या नीट राहतात. दहा कोंबल्या तर दहाही मरगळतात.

पुदिना बाहेरच राहू द्या. वरून वाळतो, बर्फाखाली दबतो आणि एप्रिलमध्ये पुन्हा वर येतो. वांगी, टोमॅटो, भेंडी यांचा हंगाम संपला, त्यांना निरोप द्यावा. मिरचीचं मात्र पुष्कळांना माहीत नसतं की ते बहुवर्षायू झाड आहे. एखादी लाडकी, भरपूर लागणारी मिरची असेल तर ती सगळी पानं काढून सहा-आठ इंचांवर छाटा आणि गार, थोड्या उजेडाच्या जागी ठेवा. मार्चमध्ये फुटते आणि बियांच्या रोपांच्या कितीतरी आधी मिरच्या धरते.

अळू, हळद आणि आलं यांना आत कुंडीत जपत बसण्याची गरज नाही. त्यांचे कंद झोपवायचे. पानं पिवळी पडू लागली की, किंवा पहिल्या दंवाच्या आधी, कंद उकरून काढा, माती झटका, चार दिवस सावलीत सुकू द्या आणि कागदी पिशवीत किंवा कोरड्या कोकोपीटमध्ये बेसमेंटच्या गार कोपऱ्यात ठेवा. फ्रीजमध्ये नको. हळदीची पानं टाकू नका. पातोळ्यांसाठी फ्रीजरमध्ये वर्षभर टिकतात. गवती चहाचा गड्डा एवढा माजलेला असतो की अख्खा आत येत नाही. त्यातून मुळांसकट दहा-बारा काड्यांचा एक तुकडा वेगळा करा, पाती सहा इंचांवर कापा आणि लहान कुंडीत लावा. उरलेला चहाला.

पानओव्याच्या तर नुसत्या फांद्या खुडून मातीत खोचल्या तरी जगतात. मोठी कुंडी आत ओढण्यापेक्षा दोन फांद्या पुरे.

ज्या झाडाला आधीच जबर कीड लागली आहे ते आत आणू नका. ते कितीही जुनं असलं तरी. एका झाडापायी बाकीच्या सगळ्यांना फेब्रुवारीपर्यंत भोगावं लागतं.

पहिलं काम: सावलीची सवय

आपल्या डोळ्यांना घरातला उजेड पुरेसा वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात. झाडाला तसं करता येत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. घरात दक्षिणेच्या खिडकीला अगदी खेटून त्याचा दहावा हिस्सा मिळाला तरी नशीब समजा. सोफ्याशेजारी, जिथे आपण आरामात पेपर वाचतो, तिथे जेमतेम काही शे लक्स.

उन्हातली पानं जाड, लहान आणि कडक असतात; सावलीतली पातळ आणि पसरट. उन्हात वाढलेलं झाड एकदम आत आलं की उन्हासाठी बनवलेली पानं त्याला परवडत नाहीत आणि ते ती टाकून देतं. हे टाळायला झाड आत घेण्याच्या दोन आठवडे आधी डेकवरच जागा बदला. पहिला आठवडा फक्त सकाळचं ऊन, दुसरा आठवडा झाडाखालची किंवा छपराखालची सावली. लिंबू आणि जास्वंदीला याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. याच दोन आठवड्यांत खत बंद करा आणि पाणी हळूहळू कमी करा.

अंघोळ

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात मोलाचं आहे. बाहेर मावा, पांढरी माशी, लाल कोळी यांना खाणारे भुंगेरे असतात, पाऊस त्यांना धुऊन टाकतो. घरात ना भुंगेरा ना पाऊस. सप्टेंबरात पानामागे बसलेली चार अंडी डिसेंबरात अख्खी खिडकी व्यापतात.

ऊन असलेला एखादा शनिवार काढा. कुंडी आडवी करून पाइपच्या जोराच्या फवाऱ्याने झाड खालून वर धुवा, कारण सगळी वस्ती पानांच्या पाठीवर असते. माती वाहून जाऊ नये म्हणून कुंडीचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीने बांधा. मग लहान कुंड्या बादलीत अशा बुडवा की पाणी मातीच्या वर येईल आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मुंग्या, गोगलगायी, वाणी, कधी एखादा गांडूळ, सगळे वर येतात. नंतर कुंडी पूर्ण निथळू द्या. कुंडीचा तळ आणि कडेची खालची बाजू जुन्या ब्रशने घासा. गोगलगाईची अंडी तिथेच चिकटलेली असतात.

मग एकेक फांदी हातात घेऊन बघायची. मी चष्मा लावून, उजेडाकडे पान धरून बघते. कशाकडे बघायचं ते सांगते.

लाल कोळी डोळ्यांना नीट दिसत नाही. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसतात, जास्त झाला तर देठाच्या बेचक्यात बारीक जाळी. खात्री करायची तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. धुळीसारखे कण पडतील. दहा सेकंद थांबा. कण चालायला लागले तर तोच. बोटाने कागदावर रेघ ओढली की तांबूस डाग उमटतो. मोगऱ्यावर हा दरवर्षी येतो, आणि कोरडी उबदार हवा त्याला मानवते, म्हणून जानेवारीत त्याचा जोर.

खवले कीड लिंबावर आणि कढीपत्त्यावर. खोडावर तपकिरी, चपटे, तिळाएवढे फोड दिसतात आणि ते सालीचाच भाग वाटतात. नखाने खरवडला की सुटून येतो. आधी लक्षात येते ती कीड नाही, तिचा चिकटा: खालच्या पानांवर किंवा फरशीवर साखरेच्या पाण्यासारखे चिकट थेंब. पिठ्या ढेकूण मात्र लपत नाही. फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की तोच.

या दोघांसाठी ७० टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घ्या आणि एकेक पुसून काढा. माव्यासाठी पाण्याचा जोर बहुधा पुरतो. त्यानंतर सगळ्या झाडांवर झाडांसाठी मिळणाऱ्या किटकनाशक साबणाचं पाणी किंवा कडुनिंबाचं तेल फवारा. तेल असेल तर एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा तेल आणि साबणाचे चार थेंब, बाटली सतत हलवत. बाटलीवर वेगळं प्रमाण लिहिलेलं असेल तर ते पाळा. संध्याकाळी फवारा, उन्हात नको, पानं भाजतात. आधी दोन-तीन पानांवर फवारून एक दिवस थांबा. भांडी घासायचा द्रव साबण वापरू नका; त्यातल्या ग्रीस काढणाऱ्या घटकांनी पानांचा नैसर्गिक मेणचट थर जातो.

सात दिवसांनी हेच पुन्हा करा, कारण अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत. दुसरी फवारणी झाल्यावरच झाड घरात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. दुकानात घरातल्या झाडांसाठी मातीत टाकायचं दाणेदार कीटकनाशक मिळतं. ते मुळांतून झाडभर पसरतं, पानांत जातं. शोभेच्या झाडाला ठीक असेल. कढीपत्ता, तुळस, लिंबू, गवती चहा, पानओवा, मिरची यांना ते कधीही घालू नका. आपण ती पानं खातो, मुलांना खोकल्यावर काढा करून देतो.

छाटणी आणि माती

जास्वंद आणि मोगरा एक तृतीयांश छाटा. जास्वंदीला नाहीतरी घरात पानं गाळायची असतात, आधीच हलकी झाली तर कमी रडते. रातराणी असेल तर ती निम्म्यावर आणली तरी चालते. लिंबाची फक्त वाळकी आणि एकमेकांत घुसलेली फांदी काढा. कढीपत्त्याला आता कात्री लावू नका. छाटणी केली की तो नवी फूट काढायला बघतो आणि ती हिवाळ्यात लांबट, पांढुरकी येते. त्याची छाटणी मार्च-एप्रिलमध्ये.

कुंडी बदलायचा मोह आवरा. मोठी कुंडी म्हणजे जास्त ओली माती, आणि झोपलेली मुळं ते पाणी ओढत नाहीत. फक्त वरचा इंचभर थर खरवडून टाका, त्यात अंडी आणि तणाचं बी असतं, आणि ताजी कोरडी पॉटिंग माती पसरा. बागेतली माती घरातल्या कुंडीत घालू नका.

आत आणण्याच्या दिवशी पाणी देऊ नका, कुंडी निष्कारण जड होते. १४ इंची कुंडी एकट्याने उचलू नका. चाकाची पाटी आधी खाली सरकवा. मातीच्या रिकाम्या कुंड्याही आत घ्या, बाहेर राहिल्या तर त्यांतली ओल गोठून त्या तडकतात.

जागा

दक्षिणेची खिडकी पहिली, मग पश्चिम, मग पूर्व. उत्तरेच्या खिडकीत कोरफड आणि मनी प्लांट राहील, लिंबू राहणार नाही. आधी काचा आतून-बाहेरून पुसा. उन्हाळाभराची धूळ आणि जाळी बराच उजेड खाते. उघडझाप नसेल तर हिवाळ्यापुरती डासांची जाळीही काढून ठेवा.

पान काचेला टेकू देऊ नका. जानेवारीच्या रात्री काच इतकी गार होते की टेकलेलं पान सकाळी काळं पडलेलं असतं. हीटिंगचा व्हेंट खिडकीखालीच असतो, इथल्या बहुतेक घरांत, आणि आपण कुंडीही नेमकी तिथेच ठेवतो. गरम कोरडी हवा थेट झाडावर आली की पानं कडेने करपतात. व्हेंटवर हवा बाजूला वळवणारं प्लास्टिकचं झाकण मिळतं, स्वस्त आहे, लावून घ्या. समोरच्या दाराशेजारी तर झाड नकोच. प्रत्येक वेळी दार उघडलं की बर्फाळ झोत.

खिडकी कमी पडत असेल तर बेसमेंटमध्ये एलईडी ग्रो लाइट लावा. जांभळ्या दिव्यांची गरज नाही, पांढरा पूर्ण वर्णपटाचा दिवा चांगला आणि डोळ्यांनाही बरा. झाडाच्या शेंड्यापासून ८ ते १२ इंच वर, रोज १२ ते १४ तास, टायमरवर. रात्री बंद झालाच पाहिजे. फांद्या लांबट, दोन पानांमध्ये अंतर वाढलेलं दिसलं तर दिवा खाली आणा.

पाणी

आता माझ्या पहिल्या कढीपत्त्याची गोष्ट. तीन वर्षं जपलेलं झाड होतं. जानेवारीत पानं पिवळी पडून गळायला लागली. मला वाटलं तहानलंय. मी पाणी दिलं. आणखी गळली, आणखी दिलं. रोज थोडं थोडं, जाता-येता. फेब्रुवारीत खोड बुंध्याशी मऊ लागलं. कुंडी उलटी केली तर मातीला साचलेल्या गटारासारखा वास होता आणि मुळं काळी पडली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला. झाड तहानलेलं नव्हतं, बुडालेलं होतं. आणि दोन्हीत वरून दिसतं ते सारखंच, पिवळं पान.

तेव्हापासून घरात नियम आहे: वार ठरवून पाणी नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं. ओल लागली तर परत फिरायचं. कोरडं लागलं तरी कढीपत्ता आणि लिंबाला आणखी एक-दोन दिवस थांबायचं. मग पाणी द्यायचं ते पोटभर, तळातून निथळेपर्यंत, आणि अर्ध्या तासाने बशीतलं ओतून टाकायचं. थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा हे बरं, कारण मुळांना अधूनमधून हवा मिळते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत कढीपत्त्याला दहा ते पंधरा दिवसांनी एकदा पाणी जातं. कोरफडीला महिन्यातून एकदा. तुळस दिव्याखाली असते म्हणून तिला तीन-चार दिवसांनी. तुमचं घर अधिक गरम असेल तर तुमचा हिशेब वेगळा येईल.

कुंडी किंचित उचलून वजन बघायचीही सवय लावा. एका महिन्यात हाताला कळायला लागतं.

पाणी नळाचं थंडगार नको. रात्री भरून ठेवलेलं, खोलीच्या तापमानाचं द्या.

आपल्याकडे कढीपत्त्याला ताक घालतात, तांदळाचं धुवण घालतात, चहाचा चोथा घालतात. बाहेर, उन्हाळ्यात, वाढत्या झाडाला खुशाल घाला. घरात, हिवाळ्यात, अजिबात नको. झोपलेलं झाड ते घेत नाही, माती आंबते आणि घरभर चिलटं होतात. मातीतून उडणारी ही बारीक काळी चिलटं दिसली तर आधी पाणी कमी करा. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात. पिवळे चिकट कार्ड कुंडीत खोचा. तरी थांबली नाहीत तर डासांच्या अळ्यांसाठी मिळणाऱ्या बीटीआय जिवाणूच्या वड्या पाण्यात भिजवून ते पाणी घाला. हे जिवाणू माणसाला अपायकारक नाहीत.

खतही ऑक्टोबर ते फेब्रुवारी बंद.

हवेतला ओलावा हा वेगळा प्रश्न आहे. हीटिंग चालू असलेल्या घरात जानेवारीत आर्द्रता वीस-तीस टक्क्यांवर येते. कोकणातल्या झाडाला हे वाळवंटच. स्प्रे बाटलीने पानांवर पाणी मारल्याचा परिणाम दहा मिनिटांत उडून जातो. खड्यांच्या ताटाचाही उपयोग थोडाच. झाडं एकमेकांजवळ ठेवली तर बरं पडतं, आणि खोलीत एक साधा ह्युमिडिफायर असेल तर झाडांचं आणि आपल्या ओठांचंही भलं. महिन्यातून एकदा सगळ्यांना बाथटबमध्ये नेऊन कोमट शॉवर द्या. धूळ जाते, लाल कोळी वाहून जातो आणि पानं बघायची संधी मिळते.

कढीपत्ता

जानेवारी-फेब्रुवारीत कढीपत्ता पानं गाळतो, कधी कधी सगळी. दर हिवाळ्यात मला कोणा ना कोणाचा फोटो येतो, काठी उरलेल्या झाडाचा, खाली लिहिलेलं, गेलं वाटतं. फेकू नका. खोडावर नखाने हलकं खरवडा. सालीखाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. वरून तपकिरी निघालं तर थोडं खाली खरवडा. पुष्कळदा शेंडा जातो आणि बुंधा टिकतो. अशा झाडाला गार पण ५० फॅरनहाइटच्या वरच्या जागी ठेवा, पाणी आणखी कमी करा आणि वाट बघा. मार्चच्या शेवटी पेराशी तांदळाच्या कण्यांएवढे हिरवे टिपके दिसतात. ते दिसेपर्यंत पाणी वाढवायचं नाही.

हिवाळ्यात फोडणीसाठी अख्खी काडी तोडू नका. जी काही पानं आहेत तेवढ्यावर झाड दिवस काढतंय. ऑगस्टमध्ये भरपूर असतात तेव्हाच धुऊन, पूर्ण कोरडी करून डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाका. थेट तेलात टाकली की वास चांगला राहतो.

आणि भारतातून रोप, फांदी किंवा बी बॅगेत घालून आणू नका. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवणारा सायला नावाचा बारीक किडा कढीपत्त्यावर आनंदाने राहतो. हा रोग २००५ मध्ये फ्लोरिडात सापडला आणि तिथल्या संत्र्यांच्या बागांची त्याने वाताहत केली. म्हणूनच फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांतून कढीपत्त्याची रोपं हलवण्यावर बंधनं आहेत. आपल्या राज्यातल्या नर्सरीतून किंवा शेजाऱ्याच्या झाडाच्या मुळाशी फुटलेलं पिल्लू मागून घ्या. एका झाडाला दोन-चार वर्षांत चार पिल्लं येतात, कोणी नाही म्हणत नाही.

तुळस

तुळस मुळात अल्पायुषी झाड. तिसऱ्या वर्षी खोड लाकडासारखं होतं आणि ती थकते. म्हणून जुनी तुळस जगवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा तिची पुढची पिढी तयार ठेवावी. ऑगस्टच्या शेवटी चार इंचांचे, मंजिरी नसलेले कोवळे शेंडे कापा, खालची पानं काढा आणि पाण्याच्या ग्लासात ठेवा. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात, दोन इंचांची झाली की मातीत. सुकलेल्या मंजिऱ्या चोळून बीही कागदाच्या पुडीत ठेवा, मार्चमध्ये पेरायला.

आत आल्यावर तुळशीला या यादीत सगळ्यात जास्त उजेड लागतो. नुसत्या खिडकीवर ती डिसेंबर काढत नाही, असा माझा अनुभव. दिव्याखालीच ठेवा. मंजिऱ्या येतील तशा खुडत राहा, नाहीतर बी धरून ती वाळायच्या मार्गाला लागते. तुळशीचं लग्न बहुतेक वर्षी नोव्हेंबरात येतं, तेव्हा ती आत स्थिरावलेली असावी. त्या संध्याकाळी दोन-चार तास हॉलमध्ये सजवून बसवली तर तिला काही होत नाही. पण समई आणि उदबत्ती पानांपासून हातभर लांब ठेवा, आणि हळद-कुंकू बुंध्यात मूठभर ओतू नका. चिमूटभर वाहा. अक्षता मातीत राहिल्या तर बुरशी धरते, दुसऱ्या दिवशी वेचून घ्या.

मोगरा, जास्वंद, लिंबू

मोगऱ्याला गार खोली आवडते, ५५ ते ६० फॅरनहाइट. आमच्याकडे तो पाहुण्यांच्या बंद खोलीत असतो. जास्वंद पिवळी पानं टाकते आणि मग अचानक फेब्रुवारीत एक फूल देते. त्या दिवशी ते देवाला जातं. लिंबाचं एक विचित्र आहे: मुळं गार आणि पानांवर ऊन असं झालं की ते पानं गाळतं, कारण गार मुळं पाणी पोचवत नाहीत. कुंडी थेट फरशीवर ठेवू नका, लाकडी पाटावर ठेवा. घरात फुलं आली तर मऊ ब्रशने एका फुलावरून दुसऱ्यावर फिरवा, आत मधमाशी नसते.

ब्रह्मकमळ सगळ्यांत सोपं. गार, उजेडाची जागा, महिन्यातून एक-दोनदा पाणी.

परत बाहेर

एप्रिलमध्ये दोन दिवस ऊन पडलं की हात शिवशिवतात. थांबा. आमच्या भागात मे महिन्याच्या मध्यापर्यंत दंवाची भीती असते. रात्री सलग ५५च्या वर राहू लागल्या की पहिल्या दिवशी झाडं एक तास दाट सावलीत, मग रोज थोडा वेळ वाढवत, आठ-दहा दिवसांनी सकाळचं ऊन, आणि त्यानंतर पूर्ण उन्हात. घरात फुटलेली पानं सावलीतली असतात. एकदम उन्हात नेली तर दुपारपर्यंत पांढऱ्या चट्ट्यांनी भाजतात.

कुंडी बदलायची ती आता, फक्त एक साइज मोठी. कढीपत्त्याचे शेंडे आता छाटा, प्रत्येक कापाखालून दोन-तीन फांद्या फुटतात. नवी पालवी बोटभर झाली की खत सुरू करा. ताकही तेव्हाच.